गाईची दुसरी बाजू

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गोठ्यातली माती बदलण्याचं. गाईच्या मुतानं भिजलेली माती मी फावड्यानं काढायचो, बायको टोपल्यानं बाहेर ढिगावर टाकायची. गोठ्यात कोरडी माती पसरायची, अन् भिजलेली वावरात न्यायची. सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमच्या नाचणगावाकडे गोठ्यात फरशी बसवायची हौस आली होती. आमच्या गोठ्याला लोक हसायचे.

"अवो, पुन्हा फरशीचं नाव काढू नका," ती म्हणाली. "गाय घसरते अन् मूत नालीत जाते. वावर काय तुमचं तोंड पाहून पिकते?"

"माह्या तोंडाले काय झालं?"

"गाईले विचारा."

तिचं खरं होतं. आमच्या वावराची माती मुठीत घेतली की भुसभुशीत सुटायची. शेजारच्या वावरात नुसती ढेकळं.

काम झालं, हातपाय धुतले अन् तिच्या छातीत कळ आली. पुलगावहून डॉक्टर येईपर्यंत ती गेली. दिवस मावळायच्या आत तिला जाळून आलो.

धार नेहमी तीच काढायची. त्या संध्याकाळी मी बसलो तर गाईनं दूध चोरलं, सडात उतरूच दिलं नाही, लाथ मारून बाल्टी उलटवली.

मोठा भाऊ म्हणाला, "विकून टाक. अशी दूध चोरून राह्यली तं आटन ते. एकट्याच्यानं होत नाई हे."

गाय गेली तर शेण-मूत गेलं, मग माती गेली. अन् घरात बोलायला तरी कोण उरणार होतं? पण आटलेली गाय मी कशाच्या जोरावर ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. सुतकाच्या घरचं दूध कोणी घेणार नव्हतं, पण काढलं नाही तर कास दुखते. वासराला थोडं पाजलं अन् बसलो. पुन्हा लाथ.

"काऊन माय, मी काय केलं?"

तिनं मान वळवली ती माझ्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बायको डावखुरी. सारे बसतात त्याच्या उलट बाजूला बसायची. जन्मभर पाहिलं, पण ध्यानात धरलं नव्हतं.

बाल्टी उचलून त्या बाजूला गेलो. कपाळ गाईच्या पोटाला टेकवलं. थोडा वेळ काही नाही. मग कास सैल पडली, पान्हा सुटला, धार बाल्टीत वाजायला लागली. मी रडत होतो, नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

भाऊ दारात येऊन उभा राहिला. "मंग, बाजारात कवा न्याची हिले?"

"दादा, नुसता उभा काऊन राह्यला?" मी म्हटलं. "वासरू धर."