शेवटचा माणूस आल्यावर

बोटवाल्यांनी त्या नवराबायकोला नावं ठेवली होती: तो इंजिन आणि ती शेपूट. सकाळी दहाच्या बोटीनं बारा-चौदा पाहुणे बेटावर उतरले की इंजिन पुढं चालू लागायचं आणि शेपूट सगळ्यांच्या मागून, पाठीला पिशवी अडकवून. पिशवीत चिकटपट्ट्या, बुटांच्या जादा नाड्या, पाणी आणि चघळायच्या गोळ्या. सहा किलोमीटरचा डोंगर, वाटेत तीन जुनी ठिकाणं: पहिल्या चढानंतर उभ्या दगडांचं रिंगण, मग जमिनीखालची थडगी, आणि माथ्यावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या भिंती, गुडघ्याएवढ्या उरलेल्या. बावीस वर्षं दोघांचं हेच काम.

नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ऐकत राहावं. अभ्यास दांडगा, आवाज खणखणीत, आणि वाट बघणं मात्र ठाऊक नाही. ठिकाणावर पोचला की सोबतच्या चार जणांना घेऊन सुरू. मागं कुणाची टाच सोललेली, कुणाला धाप लागलेली, कुणी दगडापेक्षा स्वतःचेच फोटो काढत रेंगाळलेलं. या सगळ्यांना गोड बोलून हाकत शेपूट वर पोचायची तेव्हा त्याचं शेवटचं वाक्य चाललेलं असायचं. "...आणि त्यानंतर इथं कुणीच राहिलं नाही." टाळ्या. चला पुढं. तिन्ही ठिकाणांची शेवटची वाक्यं तिला तोंडपाठ होती; त्यांच्या आधी काय असतं ते देव जाणे. घरी विचारलं तर तो म्हणायचा, "अगं, रोज तर सांगतो!" आणि ते खोटंही नव्हतं. बोलणाऱ्या माणसाला वाटत असतं की सगळे आपल्या मागोमाग आहेत. असतातही, पण किती मागं, हे बघायला मान वळवावी लागते.

त्या वर्षी हंगाम सुरू व्हायला महिना असताना इंजिन घराच्या पायरीवरून पडलं. डोंगरावर कधी न घसरलेला माणूस पाण्याची बादली उचलताना खुब्याचं हाड मोडून बसला. डॉक्टरांनी वर्षभर चढ बंद केला. मागोमाग पुरातत्त्व कार्यालयाचं पत्र आलं: माहिती सांगणारा माणूस नसेल, तर डोंगर दाखवायचा परवाना बोटकंपनीला देण्यात येईल. बोटकंपनी पाहुण्यांच्या कानात बोलतं यंत्र खुपसून त्यांना डोंगरावर मोकळं सोडणार होती. आणि कंपनीच्या हाती गेलेला परवाना परत येत नसतो, हे काही कुणी सांगायला नको होतं.

"मी नेते त्यांना," ती म्हणाली.

"तू? आणि बोलणार कोण?"

"मीच."

"तुला तीन वाक्यं येतात, तीही शेवटची."

"मग बाकीची शिकवा. नाहीतरी पडूनच आहात ना!"

शिकवणी सुरू झाली. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत म्हणायची, तो आतल्या खोलीत पलंगावरून ऐकायचा आणि चूक झाली की चमचा पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायचा. पहिले आठ दिवस घरात नुसता टणटणाट. "शाळेतले मास्तर परवडले, निदान घरी तरी जायचे," ती म्हणायची. पण पहिलं वाक्य ऐकलं त्या दिवशी तिची सुरी थांबली होती. 'हे बेट दिसायला लहान आहे, पण वयानं फार म्हातारं आहे.'

"इतकं चांगलं वाक्य," ती दारात येऊन म्हणाली, "बावीस वर्षं मला ऐकू आलं नाही हो."

त्यानं चमचा खाली ठेवला. तिला मनापासून वाईट वाटलं होतं, आणि ते त्याला दिसलं.

तिला परवाना द्यायचा की नाही हे ठरवायला एक परीक्षेची फेरी होती, आणि तिला कार्यालयातल्या परवानेवाल्या बाई स्वतः आल्या. हातात वही, चेहरा कोरा, पायात कोरे करकरीत बूट. अर्ध्या चढावरच त्या बुटांनी चावा घेतला. शेपूट आज पहिल्यांदा पुढं होती, पण मान सवयीनं मागं वळत होती. बाई तीनदा बसल्या, हे तिनं बरोबर टिपलं. रिंगणापाशी पोचल्यावर ती गप्प उभी राहिली. वारा सुटलेला, लोक चुळबुळ करताहेत, कुणी घड्याळ दाखवतंय. "दोन जणं यायचीत," एवढंच ती म्हणाली. दहा मिनिटांनी बाई एका आजोबांच्या सोबतीनं लंगडत आल्या.

पहिलं वाक्य खणखणीत गेलं. दुसरं आलंच नाही. सगळं पाठांतर वाऱ्यावर गेलं. चौदा तोंडं तिच्याकडं बघत होती आणि बाईंची पेन्सिल वहीवर टेकली होती. परवाना आपल्या हातानं घालवला, असंच तिला वाटलं.

"बाई," ती एकदम म्हणाली, "वर येताना तुम्ही कुठं बसलात?"

"दगडावर. का?"

"तिन्ही वेळा सपाटच दगड मिळाला ना? या चढावर तसे नऊ आहेत. बावीस वर्षं मी मागं पडलेल्यांना घेऊन येते. ज्याचा दम सरतो तो तिथंच बसतो, कारण दगड नेमके दम सरतो तिथंच आहेत. वरून गुळगुळीत, खाली टेकू दिलेले. हे रिंगण ज्यांनी उभं केलं, त्यांच्यातही मागं पडणारी माणसं असणार. त्यांची सोय कुणीतरी केली होती."

"याला पुरावा काय?" बाईंनी विचारलं.

"माझे गुडघे."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. उतरताना मात्र नऊही दगडांपाशी थांबल्या, वाकून टेकू बघितले, मापं घेतली. "सिद्ध व्हायला वेळ लागेल," त्या धक्क्यावर बुटांच्या नाड्या सोडत म्हणाल्या, "पण आमच्या नकाशात हे नाहीत." परवाना आठवड्यानं टपालानं आला, तिच्या नावावर.

घरी त्यानं विचारलं, "काय सांगितलंस?"

"बसायच्या दगडांचं."

"कुठले दगड?"

तिनं सांगितलं. तो दोन दिवस पलंगावर जुने नकाशे पसरून ते दगड शोधत होता. बावीस वर्षं जी वाट त्याच्या पायाखालची, त्या वाटेवरचे नऊ दगड नजरेतून सुटले, हे गिळायला दोन दिवस काही जास्त नाहीत.

पुढच्या हंगामात डॉक्टरांनी रिंगणापर्यंत जायला परवानगी दिली. पहिल्या बोटीच्या दिवशी त्यानं काठी घेतली आणि तिची पिशवी स्वतःच्या पाठीला अडकवली. धक्क्यावर बोटवाले ओरडले, "अरे, इंजिन मागं लागलंय!" त्यानं काठी उगारली, पण हसत.

ती रिंगणात उभी राहून खाली बघत होती. तो सहाव्या दगडावर बसला, मग सातव्यावर, मग आठव्यावरही.

"अहो बाई, सुरू करा की!" एक पाहुणा कुरकुरला.

"एक माणूस यायचाय."

वीस मिनिटं गेली. तो धापा टाकत वर पोचला आणि काठीवर भार देऊन उभा राहिला. "कुठपर्यंत आलं?" त्यानं विचारलं. "शेवटचं वाक्य झालं का?"

"पहिलंही नाही झालेलं. तुमच्यासाठीच थांबले होते."

त्यानं पाठीवरची पिशवी उतरवून खाली ठेवली. तिनं त्याचा दम खाली बसू दिला, मग लोकांकडं वळली.

"हे बेट दिसायला लहान आहे," ती म्हणाली, "पण वयानं फार म्हातारं आहे."