विहिरीचं पान

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हालाही काही प्रेमाने सांगत नाहीये — उगाच जवळ सरकून बसू नका. ऐकून झाल्यावर माझी समजूत घालावीशी वाटली तर तेवढी घालू नका. मला राग येईल.

मी खामगावला एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते — पुराव्याशिवाय विधान करायचं नाही. पोरं उतरवून घेतात. मला त्याचं काही वाटत नाही. वाटायला हवं, असं म्हणता? सुरुवातीला मलाही वाटायचं.

बी.ए. झाल्यावर मी स्थानिक इतिहासाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला. शनिवार-रविवार वर्ग, मोडी लिपीचा एक पेपर आणि शेवटी आपापल्या गावावर प्रकल्प. माझं गाव नांदुरा तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. विषय शोधावाच लागला नाही. आमच्या बैठकीत पणजोबांचा फोटो आहे — फेटा, मिशा, हातात काठी. त्यांनी गावची विहीर सगळ्या जातींना खुली केली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाहुणा आला की चहा यायच्या आधी बाबा ही गोष्ट सुरू करायचे. मी तोच विषय घेतला म्हटल्यावर त्यांनी गावभर सांगून टाकलं. सरपंच म्हणाले, पोरीचा अहवाल येऊ द्या, विहिरीवर नावाची पाटीच लावू.

आमचे सर मात्र म्हणाले, घरात सांगतात ती गोष्ट झाली, पुरावा नाही. त्या काळचं लेखी काहीतरी आणा.

लेखी म्हणजे गावात एकच घर — दिगंबर आबाजींचं. आबाजी ग्रामपंचायतीत कारकून होते, तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांचे वडील गावच्या शाळेत मास्तर. मास्तरांनी गावात काय-काय घडलं ते मोडीत लिहून ठेवलेलं. कोणाचं जन्मसाल अडलं, कोणाचा बांध कुठून होता हे अडलं, की लोक आबाजींकडे जायचे. मला मात्र हा माणूस कधीच आवडला नाही. हेही सांगून टाकते. एकदा चार माणसांत त्यांनी माझं मोडी वाचन ऐकलं आणि हसले. "पोरी, तू अक्षरं नाही वाचून राह्यली, अंदाज मारून राह्यली." खरं होतं. म्हणून तर जास्त झोंबलं.

तरी त्यांनी वही दिली. लाल कापडात बांधलेली, कडा कुरतडलेल्या. माझ्या फोनला तेव्हा धड कॅमेरा नव्हता, म्हणून वहीच घरी न्यावी लागली. "पोळ्याच्या आत आणून दे," म्हणाले. आणि मी ओट्यावरून उतरताना — "विहिरीचं पान नीट वाच वं. अंदाज नको मारू."

तेव्हाच कळायला हवं होतं.

ते पान वाचायला मला तीन दिवस लागले. एकेक अक्षर सोडवत गेले. उन्हाळ्यात खालच्या वस्तीतल्या चार बायका घागरी घेऊन विहिरीवर आल्या, असं मास्तरांनी लिहिलं होतं. चौघींची नावं होती. विहिरीच्या काठावर माझे पणजोबा काठी घेऊन उभे होते. त्यांनी घागरी फोडल्या. एकीचा हात मोडला. विहीर पुढे खुली झाली ती वरून हुकूम आला म्हणून, आणि त्या दिवशी पणजोबा घराबाहेर पडले नाहीत.

तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. मी काय केलं ते ऐका. मी अहवालात लिहिलं — "या घटनेचा समकालीन लेखी पुरावा उपलब्ध नाही, मात्र मौखिक परंपरा भक्कम आहे." सरांनी त्या वाक्याखाली बरोबरची खूण केली. प्रामाणिकपणा आवडला म्हणाले.

आता वहीचं काय? परत दिली असती तर आबाजींनी ते पान कोणालाही वाचून दाखवलं असतं. मी ती लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवली.

पोळा झाला. आबाजी आमच्या दारात आले — मागे त्यांची सून शोभाकाकू, बाहेर बाबा. "वही दे पोरी."

मी म्हणाले, "आबाजी, मी तर मंगळवारीच आणून दिली."

आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं हे. पण एकदा तोंडातून निघालं आणि मग — किती सोपं गेलं मला! "तुम्ही ओट्यावर बसला होता. चष्मा शोधत होता. मी तुमच्या मांडीवर ठेवली." चष्मा तर ते रोजच शोधायचे. त्यांचा चेहरा मी बघत होते. आधी संताप. मग ते शोभाकाकूकडे बघायला लागले, जणू ती सांगेल.

"नाही देल्ली इनं. खोटं बोलून राह्यली ही."

"बुवा, चला घरी," शोभाकाकू म्हणाली. आणि बाबांना, हळू आवाजात, "डोस्कं काम नाही करून राह्यलं आता त्यायचं. परवा जेवले अन् म्हणे जेवलोच नाही."

बाबांनी मान हलवली. मीही हलवली.

त्यानंतर काय झालं ते मी लांबून पाहिलं, आणि पाहत राहिले. शोभाकाकूने त्यांच्या पेटीची किल्ली काढून घेतली. महिन्याभरात पेटीतले बाकीचे कागद रद्दीत गेले — घरात नसती कटकट नको म्हणून. बांधाचं, जन्मसालाचं विचारायला कोणी जाईनासं झालं. आबाजी विहिरीची खरी गोष्ट सांगायचे, नाही असं नाही. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लोक हो-हो म्हणून पुढे जायचे. माझी सोय झाली होती. भीतीपोटी केलं असं म्हणू? नाही. ओट्यावरचा तो आवाज कानावर आला की मला बरं वाटायचं. हसले होते ना माझ्या मोडीला.

माझा प्रकल्प पहिला आला. त्यावर पुढे एम.ए.ला मान मिळाला, नोकरीच्या मुलाखतीतही त्याचंच कौतुक झालं. विहिरीवर पाटी लागली, अजून आहे.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. इथवरचं मी कदाचित कधीतरी कोणाला सांगूही शकले असते.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी एकटेच घरी आले. बाबा शेतात, आई मंदिरात. ते बैठकीत बसले नाहीत, उभेच राहिले. केवढे खंगले होते. त्यांनी हात जोडले — माझ्यासमोर.

"चुकलं माह्यं, पोरी. चार लोकांत तुले खोटी म्हटलं. मले आता काहीच ध्यानात नाही राह्यत."



मग ते म्हणाले, "एक सांग. तू तर वाचली होती वही. ते विहिरीचं पान... होतं का वं त्याच्यात? का मीच मनानं धरून बसलो?"

कपाट आतल्या खोलीत होतं. दार उघडं होतं. सात-आठ पावलं असतील.

मी म्हणाले, "नव्हतं, आबाजी. असं काहीच नव्हतं त्यात."

त्यांनी जोडलेले हात सोडले. "मंग बरं झालं," म्हणाले. "बापानं लिहिलं नाही म्हणजे झालंच नसन." आणि भिंत धरत-धरत पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी तापवताना मी वही बंबात घातली. लाल कापडासकट.