पेरियम्माची टेप

ती टेप माझ्या हातून तुटली त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की देव असलाच तर तो आता माझ्यावर चिडलेला असणार. तोवर त्याचा नि माझा फारसा संबंध आला नव्हता. मी विट्याची. वडील चेन्नईत सौकारपेठेत गलाईचं काम करतात, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं. दुकानावरच्या खोलीत पाच कामगार झोपतात, तिथं मुलीला कुठं ठेवणार? म्हणून बारावी झाल्यावर त्यांनी मला अड्यारच्या एका छोट्याशा ख्रिश्चन कॉलेजच्या हॉस्टेलवर आणून सोडलं. तमिळ येत नव्हतं, इंग्रजी होतं ते विट्याचं. धड येत होत्या त्या फक्त नकला. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा व्हरांड्यातून सुट्टी जाहीर केली होती नि अर्धी शाळा घरी गेली होती. इथंही तेच भांडवल कामाला आलं. प्रिन्सिपल मॅडम, वॉर्डन, मेसमधला सांबार वाढणारा, सगळ्यांचे आवाज मी खिशात घातले होते. नि सगळ्यांत हिट होती पेरियम्मा.

पेरियम्मा म्हणजे मोठी आई. आमचं कॉलेज दोन शिक्षिकांनी काढलं, एक ती आणि दुसऱ्या तिच्याहून लहान रोझ टीचर. मच्छीमारांच्या वस्तीतल्या मुली शाळा संपली की घरी बसायच्या, त्यांच्यासाठी या दोघींनी चर्चमागच्या रिकाम्या गोठ्यात वर्ग भरवला. वर झावळ्यांचं छप्पर, खाली चटया, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. पेरियम्मा मी यायच्या कितीतरी आधी गेली, पण जाण्यापूर्वी तिनं ही सगळी हकिगत एका कॅसेटवर सांगून ठेवली होती. स्थापना दिनाला भाषण नसतंच आमच्याकडे. चॅपलमध्ये ती कॅसेट लावतात. नव्वदी उलटलेल्या रोझ टीचर पहिल्या बाकावर डोळे मिटून बसतात नि वर्षातून एकदा मैत्रिणीचा आवाज ऐकतात.

लायब्ररीत हेडफोन लावून ऐकून ऐकून मला ती कॅसेट तोंडपाठ होती. निम्मं तमिळ कळायचं नाही, गाणं पाठ करावं तशी केली होती. तिचं हसू, खोकला, मागं ओरडणारा कावळा, पेल्यात चमचा फिरवल्याचा आवाज, सगळं. पोरी लोळायच्या हसून. एकटी तुळजा तेवढी हसायची नाही. ती तंजावरच्या मराठी घरातली, कित्येक पिढ्या इकडेच. तिचं मराठी ऐकलं की कुणीतरी जुनं दप्तर सोडून वाचतंय असं वाटतं. ती म्हणायची, “पाप लागेल गे तुला.”

लागलंच. स्थापना दिनाच्या आदल्या दिवशी लायब्ररीतली कॅसेट नि टेपरेकॉर्डर पुसून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पुसायचं सोडून मी ती लावली, म्हटलं एकदा खोकला पक्का करून घेऊ. मशीननं टेप आत ओढली. मी घाबरून खेचली. इतकी जुनी फीत, वाळल्या कांद्याच्या सालीसारखी तुटली, तीन-चार ठिकाणी. दुसरी प्रत नव्हती. फोनवर उतरवून ठेवू असं दरवर्षी ठरायचं नि राहून जायचं.

खोलीवर जाऊन बॅग भरली. मग तशीच बसून राहिले. पंखा फिरत होता, समुद्राकडून वारा येत होता, खाली कुणीतरी कपडे आपटत होतं, नि हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या आयुष्यात चाललंय असं वाटत होतं. शेवटी उठले नि तुकडे रुमालात बांधून प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला नि म्हणाल्या, हे रोझ टीचरना मी सांगू शकणार नाही, तूच सांग.

रोझ टीचर कॅम्पसमध्येच, हॉस्टेलच्या मागच्या खोलीत राहतात. मला तमिळमध्ये माफी मागता येईना म्हणून तुळजाला बरोबर नेलं. रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी फितीवरून बोटं फिरवली, कितीतरी वेळ. बाहेरच्या पिंपळाची पानं वाजत होती. मग त्या काहीतरी म्हणाल्या नि तुळजा माझ्याकडे बघतच राहिली. लाडक्या लेकराला म्हणावं तसं मला कण्णा म्हणत त्या म्हणाल्या होत्या, “रोज संध्याकाळी वरच्या खोलीत तिचा आवाज काढतेस ती तूच ना कण्णा? खिडकीतून ऐकू येतो मला. उद्या चॅपलमध्ये काढ.”

सकाळी चॅपलमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिले. प्रार्थना कशी करायची ते माहीत नव्हतं. मनात एवढंच म्हटलं, की बाबा, आजवर चेष्टाच केली, आज तूच सांभाळ. पहिल्या वाक्याला मागं दोघी-तिघी खुदकल्या. रोझ टीचरनी नुसता हात वर केला. मग कुणी हसलं नाही. काचेतून निळा उजेड फरशीवर पडला होता, तो हळूहळू सरकताना दिसत होता. मी बोलत होते की कुणी माझ्यातून बोलत होतं ते कळेनासं झालं. वादळाची गोष्ट आली. एका रात्रीत छप्पर उडालं, पाटी उडाली, सकाळी पेरियम्मा तिथं पोचली. कॅसेटमध्ये इथं फीत झिजलेली होती. दोन श्वास होतील इतका वेळ नुसती खरखर, नि मग एकदम, “अन् मुली आल्या.” हॉस्टेलवर मी ती खरखरही काढायचे, त्यालाच सगळ्यांत जास्त हशा पडायचा. त्या दिवशी खरखरीसाठी श्वास घेतला नि तोंडातून चार-पाच तमिळ शब्द बाहेर पडले. मला त्यांचा अर्थ माहीत नव्हता. मग कावळा, मग मुली आल्या, नि हकिगत पुढं गेली.

संपल्यावर रोझ टीचरनी मला जवळ बोलावलं. गालांवरून पाणी वाहत होतं नि त्या हसत होत्या. हे तुला कुणी सांगितलं, असं विचारत होत्या. कुणीच नाही, म्हटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते तुळजानं मला एकेक शब्द मराठीत करून सांगितलं. त्या सकाळी पेरियम्मा हातात कुलूप घेऊन आली होती, सगळं बंद करायला. रोझ टीचर ओल्या जमिनीवर उभ्या होत्या. त्या तिला म्हणाल्या होत्या, “आधी चटई अंथर अक्का. कुलूप मग.” कॉलेजच्या इतिहासाच्या पुस्तकात कुलूप नाही. दोघींनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून आलेले शब्द तेच होते.

तुळजाचं म्हणणं, कानाला हेडफोन लावून शंभरदा ऐकलंस, खरखरीखालचं काहीतरी तुझ्या कानानं टिपलं असेल. असेलही. मी वाद घालत नाही. ज्यानं कान दिले त्यानंच ते ऐकवलं, एवढं म्हणून गप्प बसते. मला कॉलेजातून काढलं नाही. बॅग रिकामी करताना मात्र खूप रडले.

आता शेवटचं वर्ष. वस्तीतल्या शाळेत शिकवायला जाते. कधी वीज नसते, कधी खडू, कधी माझं तमिळच दगा देतं. वाटतं, आजचा वर्ग नकोच. मग कोपऱ्यातली चटई उचलते, झटकते नि अंथरते. पोरी येऊन बसतात. कुलूप कुणाच्या हातात आहे ते मी बघायला जात नाही.