आमच्या घरात औषध चढत नाही

माझा भाऊ हार्ट अटॅकने गेला नाही.

गेल्या वर्षी इथेच पोस्टमध्ये मी तसं लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत. ते खोटं होतं.

विनू पेनकिलरच्या व्यसनाने गेला. हेब्बाळला बाइकवरून पडला, पाठीसाठी गोळ्या सुरू झाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत.

मग ट्रीटमेंट. व्यसन सोडवायची गोळी, रोज सकाळी जिभेखाली ठेवायची. द्यायचं काम माझं, मोठ्या बहिणीचं.

विरघळली की मी म्हणायची, "आ कर."

बेचाळीस वर्षांचा माणूस, शिवाजीनगरात स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान, आणि माझ्यापुढे आ करायचा.

महिन्याभराने म्हणाला, "अक्का, गोळी दुपारपर्यंतच टिकते गं. तीन वाजले की घाम, जांभया, हाडं दुखतात. डॉक्टरांना स्वल्प वाढवायला सांगूया."

"सरी, बरं, सांगूया," मी म्हटलं.

आणि क्लिनिकमध्ये तो बोलायच्या आत मीच बोलले. "डॉक्टर, नाटकं आहेत याची. वाढवू नका. लहानपणापासून ओळखते मी याला."

डॉक्टरांनी माझं ऐकलं. डोस तोच राहिला.

पुढच्याच आठवड्यात त्याने ट्रीटमेंट सोडली आणि परत जुन्या गोळ्यांकडे गेला. दोन महिन्यांनी मल्लेश्वरमच्या घरी, स्वतःच्या खोलीत. ओव्हरडोस.

चार महिन्यांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुखण्याचं औषध तासाभरात उतरलं. मी सांगितलं, त्यांनी लगेच बदलून दिलं.

माझ्यावर कुणी संशय घेतला नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?"

मी हसत हसत आमची नेहमीची गोष्ट सुरू केली. आमच्या अप्पांनी हर्नियाच्या ऑपरेशनमधून बाहेर आल्या आल्या कॉफी मागितली होती. दर लग्नात सांगतो आम्ही ही. आमच्या घरात औषध चढतच नाही, रक्तच तसलं, अशी ऐट.

"आणि माझा भाऊ..."



त्या म्हणाल्या, "कुणाच्या अंगात औषध लवकर मोडतं, कुणाच्या टिकतं. जन्मापासून तसं असतं, घराण्यात येतं."

मी विनूच्या गोळीचं विचारलं, दुपारपर्यंतच टिकते म्हणायचा तेही सांगितलं.

"टेस्ट केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण टिकत नाही म्हणाले होते ना? मग डोस बघायला हवा होता."

अप्पांचं ते कौतुक, आणि विनूचं नाटक. मला कुठे तोंड लपवू असं झालंय. नातेवाइकांत त्याला खोटारडा म्हणत फिरले मी.

विनू, तू खरं बोलत होतास. खोटं मी बोलले, क्लिनिकमध्ये आणि इथेही.

आज तुझं वर्षश्राद्ध. पानावर भात दोनदा वाढलाय, तू न मागता.

जेव बाबा. अक्काची श्रद्धांजली एवढीच.