धाकट्या मास्तरांची खुर्ची

"तुम्ही चालू ठेवा, मी ऐकतोय."

असे म्हणून आमचे धाकटे मास्तर टेबलावर कपाळ टेकत आणि उजव्या हाताची तर्जनी तेवढी टेबलाच्या कडेवर मोकळी ठेवत. पोर धडा वाचत राही. चूक झाली की तर्जनी उभी. डोळे मिटलेलेच. तुम्हीही असा एखादा झोपाळू माणूस पाहिला असेल आणि मला त्यांच्याविषयी जे वाटले तेच तुम्हालाही त्याच्याविषयी वाटले असेल. म्हणूनच हे सांगण्याचा धीर होतो आहे.

दुसरी जागतिक लढाई सुरू झाली त्या सुमारास मी एरंडोल तालुक्यातल्या एका मराठी शाळेत हेडमास्तर होतो. ते माझ्या हाताखाली आले तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे असतील. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचे. त्या पाड्यावर सातवीची फायनल पास झालेला हा पहिलाच माणूस. वर्षभर उमेदवारी करायची, शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाही तर परत पाड्यावर. हे त्यांना ठाऊक होते. शेरा लिहिणारा मी, हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होते.

त्या काळी मी आळसाचा तज्ज्ञ होतो. 'आळस' या विषयावरचे माझे व्याख्यान आसपासच्या चार गावांत झाले होते. ते सव्वा तास चाले आणि शेवटी एकटे पाटीलआबा जागे उरत, तेही त्यांच्या स्टुलाला पाठ नव्हती म्हणून. बाकीच्यांच्या झोपेचा दोष मी हवेला देत असे. अशा माणसाच्या शाळेत दिवसाउजेडी टेबलावर डोके ठेवणारा मास्तर यावा, ही मला देवाने घेतलेली परीक्षा वाटली.

मी उपाय सुचवले. पहाटे विहिरीच्या थंड पाण्याने अंघोळ करा म्हटले. त्यांनी चार दिवस केली. पाचव्या दिवशी ते भिंतीचा आधार घेत, पाऊल जपून टाकत शाळेत आले.

"काय होतं तुम्हाला?"

"काही नाही, भाऊ. हाडं दुखतात. रात्री झोपू देत नाहीत. मग ती झोप दिवसा येते."

"या वयात? अहो, हाडं माझी दुखायला हवीत."

ते हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा दिसे. तो मी पाहिला होता, उसाचा रस प्या असेही सांगितले होते. मग शंभर बैठका सांगितल्या. त्यांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या असे आणि तो तासाभरात रिकामा होई. मी टिपणवहीत लिहिले, 'वारंवार पाणी पितात.'

एके दिवशी पाटीलआबा आले. म्हणाले, "हेडमास्तर, तुमना धाकला मास्तर निजस."

"माहीत आहे, आबा. बंदोबस्त करतोय."

"बंदोबस्त कसाले? मन्हा नातू त्याना वर्गमा शे. आते घरमा पोथी वाचस. तुम्ही दिनभर जागा राहतस, तुमना वर्गले काय येस?"

हवेचे कारण इथे चालण्यासारखे नव्हते.

मी खिडकीतून पाहिले. एक पोर मोठ्याने वाचत होते, बाकीची कान लावून बसली होती. मास्तरांचे बोट उठायच्या आत जो चूक धरील, त्याने पुढे वाचायचे. पोरांनी या खेळाला 'बोटाआधी' असे नाव दिले होते. वर्गात एवढी शांतता की कौलांवरची चिमणी ऐकू यावी. छडी फळ्यामागे धूळ खात पडली होती. माझ्या वर्गाला वर्षाला तीन छड्या लागत.

याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांची खुर्ची काढून घेतली.

"बसायलाच नसलं तर झोपणार कुठे?" मी म्हटले.

ते खुर्चीकडे बघत म्हणाले, "टेबल राहू द्याल का, भाऊ? टेकायला."

खुर्चीवाचून टेबल शोभत नाही, म्हणून मी टेबलही उचलले. खुर्ची माझ्या खोलीत आणली. तिच्यावर बसणारे कुणी नव्हते, म्हणून मी टोपी ठेवू लागलो.

आठ दिवसांनी जळगावहून डिपुटीसाहेब तपासणीला आले. दारात केळीचे खुंट बांधले. भिंत जिथे पडली होती तिथे हिंदुस्थानचा नकाशा टांगला. साहेबांनी माझ्या वर्गाला प्रश्न विचारले तेव्हा पोरे त्या नकाशाकडे आशेने बघत राहिली.

धाकट्या मास्तरांच्या वर्गात साहेबांनी स्वतः धडा वाचायला घेतला आणि मुद्दाम एक ओळ गाळली. आठ हात वर गेले. बोट त्यांच्यामागून उठले.

साहेब खूश झाले. "ही पद्धत कुणाची?"

"आमच्या शाळेची, साहेब," मी म्हटले. शाळा माझीच होती, तेव्हा वाक्यात खोटे काही नव्हते.

धाकटे मास्तर भिंतीला पाठ लावून उभे होते. ओठ पांढरे पडले होते.  साहेबांना खेळ इतका आवडला की तपासणी दोन तास चालली. शेवटी धाकटे मास्तर भिंतीवरून घसरत खाली बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "तुम्ही चालू ठेवा, मी ऐकतोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "हे नेहमीचंच का?"

"होय, साहेब."

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी लिहिल्या. एक शेरा: 'आळशी व निद्राप्रिय. खुर्ची काढूनही सुधारणा नाही. कायम करू नये.' दुसरा लेख: 'बोटाआधी: अध्यापनाची एक नवी रीत.' तो शिक्षकांच्या मासिकात माझ्या नावाने छापून आला. पुढे मला बढती मिळाली.

चोपड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी ते निरोप घ्यायला आले होते. राग दिसला नाही. "माझ्या वर्गाला बोट दाखवत जा, भाऊ," एवढेच म्हणाले. मी दोन दिवस दाखवले. पण त्याला आधी ऐकावे लागते.

पुढल्या हिवाळ्यात पाटीलआबांनी बातमी आणली. "धाकला मास्तर गया. दोन दिन हाडे धरीसन पडेल व्हता."

आता माझी ऐंशी उलटली. गेल्या वर्षी त्याच शाळेत सिकलसेलच्या तपासणीचे शिबिर झाले आणि मला पाहुणा म्हणून बोलावले. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाटांत अडकतात. हाडे दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडते. रात्रीची झोप दुखण्यात जाते आणि पोर दिवसा पेंगते. मग त्यांनी शिक्षकांसाठी सूचना वाचल्या. थंड पाण्याने अंघोळ नको. दमवणारा व्यायाम नको. पाणी पिण्यावरून बोलू नये. फार वेळ उभे करू नये. आळशी म्हणू नये. उसाचा रस सोडला तर माझे सगळे उपाय त्या यादीत ओळीने आले होते.

त्यांचे रक्त कुणी तपासले नाही, तेव्हा शपथेवर काही सांगता येत नाही. पण तपासल्यावाचून मी त्यांचे एक निदान केलेच होते. हे दुसरे.

शिबिर संपल्यावर मी हल्लीच्या हेडमास्तरांकडे जुने शेरेबुक मागितले. कपाटात होते. माझे अक्षर अजून स्वच्छ दिसते. मी खिशातले पेन काढले.

"त्यात नाही लिहिता येणार, दादा. सरकारी दप्तर आहे," ते नम्रपणे म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना."

मी नको म्हटले. दोन तास उभे राहायचे ठरवले. शेजारच्या वर्गात एक पोर वाचत होते. ते दोनदा चुकले. मी भिंतीला पाठ लावून ऐकत होतो.

वीस मिनिटांनी मी बसलो.