मणियारांचं माप

हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात इब्राहिम मणियार आधी तपासत. समोरच्याचा अंगठा तळव्याकडे वळवायचा, पंजा दाबायचा, आणि मगच "सलाम" म्हणायचं. रत्नागिरीकडे त्यांच्या घरात बांगड्या भरण्याचा धंदा होता. ते स्वतः मात्र दोह्यात डायव्हिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात होते. गिऱ्हाइकाचा हात दाबला की वळून थेट हातमोज्यांची जोडी काढत. भिंतीवरच्या मापांच्या तक्त्याकडे बघत नसत. "तक्त्याला हाड नसतं," म्हणत.

इथला समुद्र बराच काळ कोमट असतो. शिंपल्यांनी हात कापू नयेत एवढ्यासाठीच लोक पातळ मोजे घेतात. मणियारांचा अंदाज कधी चुकल्याचं ऐकलं नव्हतं. चुकला तरी कळावं इतकं थंड पाणी इथे नव्हतं.

दोह्यातल्या अल हिलाल भागात ते आमच्या शेजारी राहत. त्यांची मुलगी सना समुद्रजीवांच्या अभ्यासासाठी नॉर्वेला निघाली होती. तिथल्या बर्फाळ पाण्यात बुड्या मारणं हा अभ्यासाचाच भाग होता. मणियारांनी जाड हातमोजे घरी आणले, तिचा पंजा दाबला आणि सगळ्यांत घट्ट जोडी पुढे केली.

"अब्बा, इट्स टू टाइट!"

"चुडा भरताना हाताच्या गाठीवर डोळ्यांत पाणी यायला हवं गो. मग तो हलत नाही."

"मी लग्नाला नाही, डाइव्हला चाललेय."

मग तिने शांतपणे सांगितलं: खाली बोटं बधिर झाली, तर कमरेचा वजनाचा पट्टा सोडता येत नाही. पट्टा सुटला नाही, तर वर येणं कठीण.

मणियारांनी ती जोडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "थंड पाणी मी बघितलंच नाही कधी. बघू या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मासळीचा थर्माकोलचा खोका स्वयंपाकघरात मांडला. त्यात पाणी, भरपूर बर्फ, आणि समुद्र म्हणून मूठभर मीठ. तळाशी पट्ट्याचं बक्कल. मला हाक आली, "या, तुम्ही बातमीदार. साक्षीला बसा." स्वतःच्या मापाचे मोजे त्यांनी आणले होते: डाव्या हातात घट्ट, उजव्यात एक माप मोठा. दोन्ही हात आत गेले.

"सैल हात आधी मरेल," ते म्हणाले. त्यांना खात्री होती.

बऱ्याच वेळाने सना म्हणाली, "आता उघडा." उजव्या हाताने बक्कल उघडलं. डावा नुसता चाचपडत राहिला.

"डावा हात कामचुकारच असतो," मणियार म्हणाले. "परत."

हात शेकून, मोजे बदलून त्यांनी पुन्हा बुडवले. या वेळी घट्ट मोजा उजव्या हातात होता, आणि उजव्यालाच बक्कल सापडेना. मोजा काढला तेव्हा बोटांची टोकं पांढरी पडली होती. सना ती चोळू लागली. ते बोटांकडे नवलाने बघत होते.

"खलास. बांगडी हाडावर बसते. हे रक्तावर बसतंय."

त्यानंतर ते चौकशीला लागले. फार सैल मोज्यात गार पाणी खेळत राहतं, हे त्यांनी त्याच खोक्यात पाहिलं. बोटं जोडून शिवलेला तीन बोटांचा मोजा ऊबदार निघाला, पण त्यात जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं जाईना. शेवटी बोटांना मोकळी आणि मनगटाला घट्ट अशी पाच बोटांची जोडी ठरली. "मनगट तेवढं मणियारांचं," ते म्हणाले. ती घालून, डोळे मिटून, सनाने गार पाण्यात बक्कल उघडेपर्यंत त्यांनी तिला उठू दिलं नाही.

नॉर्वेहून तिचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा ते आमच्याकडे चहा पीत होते. "अब्बा, हात जाम दुखले. पण बक्कल उघडलं, फर्स्ट ट्राय." त्यांनी ते पुन्हा ऐकलं. चहा तसाच राहिला.

पुढच्या वर्षी नोकरी संपवून ते रत्नागिरीला परतले. निघताना दारात मी हात पुढे केला. त्यांनी अंगठा वळवला, पंजा दाबला. पूर्वी एवढ्यावर हात सुटायचा. या वेळी त्यांनी तो धरूनच ठेवला.

"बोटं हलवा," म्हणाले.

मी हलवली. मग त्यांनी सलाम केला.