तेल वर येईपर्यंत

आमच्या ह्यांचा ट्रॅक्टर गल्लीत शिरायच्या कितीतरी आधी मला ऐकू यायचा. पाटाच्या वळणावर तो वळला की इंजिनातून ठक-ठक निघायची, लयीत चाललेली आणि मध्येच अडखळणारी. ती ऐकली की मी तवा ठेवायची, आणि हे हातपाय धुऊन येईपर्यंत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताटात असायची. एवढा संसार झाला, पण ह्यांनी दारातून ‘आलो गं’ म्हटल्याचं मला आठवत नाही. बोलण्यात तसे कंजूषच होते. त्यांच्या वाटचं ट्रॅक्टर बोलायचा.

हे गेले आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला. केळीची बाग वाट्याने दिली. मुलगा जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात नोकरीला. तो म्हणाला, आई, भंगारात देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. मी जन्मभर शाळेत वर्गच्या वर्ग गप्प बसवले आहेत, याला गप्प करायला कितीसा वेळ लागणार? इंजिन उघडून नव्याने बांधून घ्यायचं, मी म्हटलं. बागेला ट्रॅक्टर लागतोच, हे त्याला दिलेलं कारण. खरं कारण असं की, मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. पाटाकडून येताना, दिवेलागणीला, एकदा तरी. गेलेलं माणूस परत येत नाही हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. पण आवाज तर लोखंडातून निघत होता, आणि लोखंड घरातच होतं.

मिस्त्री धुळ्याकडचे. फैजपुरात दुकान टाकून केस पिकले तरी तोंडात अहिराणीच. ह्यांना ते आबा म्हणायचे, आणि ह्यांच्या वेळेपासून ट्रॅक्टरला त्यांचाच हात. अंगणात ताडपत्री अंथरून त्यांनी इंजिन उघडलं. जड भाग टेम्पोत घालून जळगावला गेले, तासून-घासून परत आले. मग मिस्त्री ताडपत्रीवर मांडी ठोकून बसले आणि तान्ह्या बाळाला माखावं तसं एकेका भागाला तेल लावून जागेवर बसवू लागले. मी चहा घेऊन जायची आणि उगाच रेंगाळायची. आणखी किती दिवस, असं विचारलं की ते चहाच मागायचे.

शेवटी इंजिन जोडून झालं. मुलगा रजा काढून आला, येताना हार आणि नारळ घेऊन आला. मिस्त्रींनी नवा फिल्टर आधी तेलाने भरून घेतला, मग बसवला. इंजिनात ऑइल ओतलं. मला वाटलं, झालं. म्हटलं, “लावा आता चावी.”

“अक्का, आते चालू कयं ते नवं बेरिंग खाई टाकी. आतला बठ्ठा रस्ता कोरडा शे. पहिले तेल वर येऊ द्या,” मिस्त्री म्हणाले.

मुलाने नारळ उचलला होता, तोही त्यांनी खाली ठेवायला लावला. त्यांच्या हातून बांधलेल्या इंजिनापुढे तेल वर आल्याशिवाय नारळ फुटत नाही. तशी त्यांची रीतच आहे.

प्रकरण असं असतं. तेल इंजिनाच्या तळाशी साठतं आणि तिथून पंप ते वरपर्यंत चढवतो. नव्याने जोडलेल्या इंजिनात या वाटा रिकाम्या असतात. म्हणून बंद करायची दांडी ओढून धरायची, म्हणजे डिझेल पोचत नाही, आणि सेल्फ मारून इंजिन नुसतं फिरवायचं. वरचं झाकण काढून ठेवायचं आणि तेल दिसेपर्यंत वाट पाहायची.

मुलगा सीटवर चढायला निघाला, तर मिस्त्रींनी त्याला अडवलं. पहिल्यांदा मालक बसतो, म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.

साडी खोचून चढले. इतकी वर्षं त्या ट्रॅक्टरवर माझी जागा मडगार्डवर होती, सीटवर कधी बसले नव्हते. दांडीची मूठ ह्यांच्या हाताने गुळगुळीत झालेली. ती ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवली. इंजिन घर्र-घर्र फिरलं. “बस,” मिस्त्री म्हणाले. झाकणाच्या जागी वाकून त्यांनी पाहिलं. काही नाही. बॅटरीला दम खाऊ दिला, पुन्हा फिरवलं, पुन्हा काही नाही.

हात भरून आला. दांडी सोडली असती तर इंजिन तिथल्या तिथे चालू झालं असतं. मला ते पक्कं कळत होतं आणि त्याचाच त्रास होत होता. ज्यासाठी एवढे दिवस जीव टांगणीला लावला ते माझ्याच मुठीत होतं, आणि मीच ते दाबून धरलं होतं. मन म्हणत होतं, सोड, बेरिंगचं पुढे पाहू. मी सोडली नाही. ह्यांच्या ट्रॅक्टरचं नुकसान माझ्या हातून होऊ द्यायचं नव्हतं. राग मात्र मिस्त्रींवर काढला.

“भाऊ, तेल पाटाने आणताय का?”

“पाटनं पाणी तरी येळवर येस का? धरा दांडी.”

आणखी एकदा फिरवलं, आणि मिस्त्री हळूच म्हणाले, “उनं.” आलं एकदाचं.

मुलगाही वाकला. वरच्या पट्टीवरून नवं, पिवळं तेल पाझरत खाली उतरत होतं. मिस्त्रींनी त्यात बोट बुडवून पाहिलं, झाकण बसवलं, नारळ फोडू दिला. मग मला म्हणाले, “सोडा आते.”

मी दांडी सोडली, चावी फिरवली. धूर निघाला, इंजिन धडपडलं आणि लागलं. मग एकसारखं चालू लागलं. मी कान देऊन बसले. थंड आहे, तापलं की येईल, असं मनाला सांगत राहिले. तापलं, तरी चालणं तसंच, गुळगुळीत.

“भाऊ, तो आवाज कुठे गेला? ठक-ठक?”

मिस्त्रींना तो शाबासकीचा प्रश्न वाटला. त्यांनी डब्यातून एक झिजलेली पत्र्यासारखी वाटी काढून माझ्या हातावर ठेवली. जुनं बेरिंग.

“हाईच करे तो आवाज. आबास्ले म्हनी म्हनी थकनू, इंजिन उघडा. ऐकं नही.”

ते खूश होते, मुलगा खूश होता. मला रडू आलं, तर दोघांना वाटलं आनंदाने आलं. मी ज्याची रोज वाट पाहायची ती झीज होती, आणि ती मीच हट्टाने काढून टाकायला लावली. हे कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं असतं. हसले असते.

संध्याकाळी मुलगा ट्रॅक्टर घेऊन बागेकडे चक्कर मारायला गेला. मी ओट्यावर लसूण सोलत बसले. दिवे लागायच्या सुमाराला पाटाकडून एक ट्रॅक्टर येताना ऐकू आला. कुणाचा तरी असेल म्हणून मी मान वर केली नाही. तो आमच्याच अंगणात वळला.